बाहेर उणे वीस, आत चोवीस

रशियाला कामानिमित्त निघालेला मुंबईकर पहिली खरेदी जाडजूड स्वेटरची करतो आणि तिथे पोचल्यावर तोच स्वेटर त्याला सगळ्यात जास्त छळतो. मॉस्कोत जानेवारीतसुद्धा दिवसाचा बहुतेक वेळ थंडीत जातच नाही. तो जातो बावीस-चोवीस अंशांच्या खोलीत, तापलेल्या मोटारीत किंवा गर्दीने उबलेल्या मेट्रोत. बाहेर उणे दहा, कधी उणे वीस असते खरे, पण तिथे तुम्ही असता जेमतेम दहा मिनिटे. तिथले रोजचे जगणे या दोन हवामानांमध्ये ये-जा करण्यावर बेतलेले आहे.

आधी ही ऊब येते कुठून ते पाहू. रशियन शहरातल्या फ्लॅटमध्ये हीटर चालू-बंद करायचे बटण शोधू नका, ते बहुधा नसतेच. वीजकेंद्रात वीज तयार होताना जी उष्णता उरते, तिच्यावर पाणी तापवून ते जाड नळांतून थेट वस्त्यांपर्यंत पोचवले जाते. ही पद्धत १९२४ साली लेनिनग्राडमध्ये सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. खोलीतला रेडिएटर नेमका खिडकीखाली असतो, कारण काचेवरून खाली उतरणारी गार हवा तिथेच अडवता येते. उष्णता कधी सोडायची हे घरमालक ठरवत नाही, शहर ठरवते. दिवसाचे सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ अंशांखाली राहिले की पुरवठा सुरू होतो आणि सलग पाच दिवस आठच्या वर राहिले की बंद. मॉस्कोत हा हंगाम साधारण ऑक्टोबरच्या आगेमागे सुरू होतो आणि एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला संपतो.

जुन्या इमारतींत रेडिएटर कमी-जास्त करण्याची सोय नसते. मग फार उकडले की लोक खिडकीची वरची छोटी झडप उघडून उणे पंधराची हवा आत घेतात. विजेच्या बिलाकडे डोळे लावून वाढलेल्या आपल्याला हे पाहवत नाही, पण तिथे ते रोजचेच. याचा खरा जाच हवेच्या कोरडेपणाचा असतो. गोठलेल्या हवेत बाष्प मुळातच नाममात्र असते. तीच हवा आत येऊन तापली की नाक सुकते, ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. रात्री ओला टॉवेल रेडिएटरवर टाकून झोपावे, सकाळी तो खडखडीत वाळलेला असतो.

आता कोटाचे प्रकरण. कचेरी, नाट्यगृह, संग्रहालय, बरे उपाहारगृह, कुठेही आत शिरल्याबरोबर गार्दरोब म्हणजे कोट ठेवण्याची खिडकी लागते. कोट द्यायचा, नंबरचा बिल्ला घ्यायचा. कोटाच्या कॉलरला आतून अडकवण्याचा बंद हवा. तो तुटलेला असला तर खिडकीतल्या आजी दोन शब्द सुनावल्याशिवाय कोट घेत नाहीत. अंगात कोट ठेवून बैठकीला बसणे असभ्य दिसते, म्हणून भेटीच्या वेळेआधी दहा मिनिटे पोचावे. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या रसायनांनी चामड्याच्या बुटांवर पांढऱ्या रेषा उमटतात. त्यामुळे अनेक जण कचेरीत दुसरा जोड ठेवतात. कुणाच्या घरी गेलात तर बूट दारातच काढायचे, सपाता यजमान देतात. या सगळ्याचा अर्थ असा, की पैसे कोट, बूट, टोपी आणि हातमोजे यांवर खर्च करावेत. आत साधा शर्ट आणि जाकीट पुरते. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी बघता बघता उतरते.

प्रवासासाठी मला विचाराल तर रात्रीची गाडी. मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग सुमारे ६५० किलोमीटर. २००९ पासून धावणारी वेगवान गाडी साप्सान ते चार तासांच्या आसपास कापते, तरी कामाची माणसे अजून ‘क्रास्नाया स्त्रेला’ने जातात. १९३१ साली सुरू झालेली ही गाडी रात्री ११.५५ ला निघते आणि सकाळी आठच्या आत पोचवते. हॉटेलचे एका रात्रीचे भाडे वाचते आणि विमानाच्या पंखांवरचा बर्फ उतरवेपर्यंत ताटकळावे लागत नाही. डब्याच्या दारात प्रवद्नित्सा, म्हणजे त्या डब्याची जबाबदार बाई, पासपोर्ट आणि तिकीट ताडून पाहते. नावाचे स्पेलिंग जुळलेच पाहिजे. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो आणि चहा धातूच्या नक्षीदार धारकातल्या काचेच्या पेल्यात मिळतो. गाडी हलली की सगळे सपाता आणि टी-शर्टवर येतात. वाटेत त्वेर लागते. पंधराव्या शतकात चौलला उतरलेला व्यापारी अफनासी निकितिन इथलाच. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे.

पैशांबद्दल एकच सांगतो: मार्च २०२२ पासून परदेशात दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे रशियात चालत नाहीत. रोख बरोबर न्या.

हिवाळ्याला निदान शिस्त असते, वसंताला तीही नसते. मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळते, रात्री पुन्हा गोठते, सकाळी फुटपाथ काचेसारखा. छपरांच्या कडेला भाल्यांएवढे बर्फाचे सुळके लोंबतात. ते पाडण्याचे काम चालू असेल तिथे लाल-पांढरी पट्टी बांधलेली असते. पट्टी नसली तरी भिंतीला लागून चालू नये. एप्रिलमध्ये पीटर्सबर्गला नेव्हावरचे पूल रात्री पुन्हा उघडू लागतात, लादोगा सरोवराचा बर्फ नदीतून वाहत येतो आणि उबदार झालेली हवा परत गारठते. त्याच सुमारास बाजारात कोर्युश्का मासळी येते. तिला चक्क ताज्या काकडीचा वास येतो.

माल पाठवणाऱ्याने मात्र एप्रिलकडे नीट लक्ष द्यावे. जमीन वरून वितळते, खाली गोठलेलीच राहते. मधले पाणी मुरत नाही आणि रस्त्याचा पाया मऊ पडतो. म्हणून अनेक प्रांतांत साधारण महिनाभर अवजड ट्रकांवर बंधने येतात. गोदाम मोठ्या महामार्गापासून दूर असेल तर डिलिव्हरीची तारीख देण्याआधी तिथल्या माणसाला विचारून घ्या.

भेटी ठरवताना सुट्ट्याही पाहाव्या लागतात. १ ते ८ जानेवारी देश बंद असतो. २३ फेब्रुवारी आणि ८ मार्चला सुट्टी असते. ८ मार्चला कार्यालयातल्या महिलांना फुले द्यायची, पण विषम संख्येत, कारण सम संख्येची फुले अंत्यविधीला नेतात. १ मे आणि ९ मे यांच्या मधले दिवस लोक रजेने जोडून घेतात आणि गावाबाहेरच्या दाचावर, म्हणजे सुट्टीतल्या घरी, बटाटे लावायला जातात. म्हणून भेट मागायची तर फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे मागा. मेच्या पहिल्या दहा दिवसांत मागूच नका.