मिरची, पेरू आणि लेअरचं खाद्य

नवापूरच्या पोल्ट्रीवाल्याला कोंबडीला काय घालायचं ते शिकवावं लागत नाही. पिल्लांचं खाद्य वेगळं, अंड्यावर आलेल्या कोंबडीचं वेगळं, हे शेडवरचं नवखं पोरही आठवड्याभरात शिकतं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, तरी हा धंदा इथून उठला नाही. ओसरीवरच्या पिंजऱ्यातला पोपट मात्र ऐकीव गोष्टींवर पोसला जातो.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. ‘राघू तर सगळेच पाळतात’ हा पहिला गैरसमज. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर दुधात भिजवलेला पाव भरवत बसू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाळता येतात ते परदेशी कुळातले पोपट: कॉकटील, लव्हबर्ड आणि बजरीगर. दुकानदार बहुतेक वेळा बजरीगरलाच लव्हबर्ड म्हणून विकतो, ते वेगळं. आफ्रिकन ग्रे, मकाव असल्या मोठ्या जातींची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

आता खाण्याकडे वळू. नवापूरसारख्या गावात सगळ्यात घातक समजूत म्हणजे ‘कोंबडीला चालतं ते पोपटाला चालतंच’. शेडवर गोण्या पडलेल्या असतात, मूठभर खाद्य घरी आणलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते कॅल्शियममुळे. अंड्याचं कवच बनवायला लागतं म्हणून लेअरच्या, म्हणजे अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पोपटाला एक टक्क्याच्या आतलं पुरतं. जादा कॅल्शियम मूत्रपिंडावर बसतं. पिल्लांना लेअरचं खाद्य घातलं तर गाऊट होतो हे पोल्ट्रीवाला जाणतो. पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगरचं तर त्याहून नाजूक असतं. पिल्लांच्या खाद्याचाही पर्याय नको, कारण त्यात बहुधा कॉक्सी या कोंबड्यांच्या रोगावरचं औषध मिसळलेलं असतं. आणि शेडवरून आलात तर पिंजऱ्याला हात लावण्याआधी हात धुवा, कपडे बदला. कोंबडीचे रोग पोपटालाही लागू शकतात.

खड्यांचंही तसंच. कोंबडी दाणा अख्खा गिळते, म्हणून तो दळायला तिच्या पोटात खडे लागतात. पोपट चोचीत दाणा फिरवतो, टरफल सोलून टाकतो आणि आतला गर तेवढा खातो. त्याला वाळू-खडे घालायची गरज नाही. भलत्या भुकेने जास्त खाल्ले तर अन्नाची वाटच तुंबते. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेसाचा तुकडा अडकवा, लागेल तेवढा तो स्वतःच कुरतडेल. रोज थोडं कोवळं ऊनही हवं. काचेमागचं नको, कारण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते.

आपल्या जिल्ह्याचं नंदुरबार म्हणजे मिरचीचा बाजार. मिरची वाळवायच्या पथारीवर लाल गालिचे पसरलेले असतात, तेव्हा ‘मिरची खाल्ली की पोपट बोलायला लागतो’ ही समजूत इथे रुजली तर नवल नाही. मिरचीचा बोलण्याशी काडीचाही संबंध नाही. पोपटाचा आवाज श्वासनलिका दुभंगते तिथल्या अवयवात तयार होतो, आणि शब्द तो ऐकून ऐकून शिकतो. ‘तिखटाने तोंड पोळेल’ हेही खरं नाही. आपल्याला जे द्रव्य जाळतं, त्याची जाणीव पक्ष्यांना होतच नाही. मिरची द्यायची ती अ जीवनसत्त्वासाठी. नुसत्या दाण्यावर वाढलेल्या पोपटाला नेमकं तेच कमी पडतं. मग नाकपुड्या बुजतात, शिंका येतात, तोंडात पांढरे चट्टे उठतात. म्हणून पिकलेली ताजी मिरची धुऊन द्या. पथारीवरची नको, तिच्यात धूळ आणि बुरशी असू शकते. मिठातली, लोणच्यातली तर नकोच.

पेरू बिचारा निरुपद्रवी आहे, पण ‘पोपट फळांवरच जगतो’ म्हणून दिवसभर पेरूच लटकवून ठेवायचा नाही. फळ म्हणजे पाणी आणि साखर. एखादी फोड पुरे. सफरचंद दिलंत तर बिया काढून. चहाचा घोट, चॉकलेट, कांदा-लसूण मुळीच नाही. दूध-पोळी लाडाची असली तरी दुधातली साखर पक्ष्याला पचत नाही.

सूर्यफूल आणि शेंगदाणे पोपट आधी वेचून खातो, म्हणून ‘त्याला तेच हवं असतं’ असं वाटतं. मुलांनाही आधी फरसाणच हवं असतं. सूर्यफुलाच्या गरात जवळपास निम्मी चरबी असते, कॅल्शियम मात्र नावाला. लिव्हरला चरबी चढते. दमट शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष त्याहून वाईट. त्यापेक्षा राळे, बाजरी, ज्वारी आणि थोडी भगर यांचं मिश्रण, मोड आलेले मूग, किसलेलं गाजर, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला द्या. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर तुकडा चालेल. अंड्यांना नवापुरात काय तोटा! सुरतेहून पेलेट्स, म्हणजे पोपटाच्या तयार खाद्याच्या गोळ्या, मागवता आल्या तर उत्तमच.

वाटी भरलेली दिसते म्हणून पक्षी जेवला असं समजू नका. वर टरफलांचा थर साचलेला असतो. रोज सकाळी फुंकर मारून पाहा. टरफलं उडाली की खाली कधीकधी एकही दाणा नसतो.

खाणं बदलायचं तर एका दिवसात नको. नवं नाकारून छोटा पक्षी दीड-दोन दिवस उपाशी राहिला तर दगावतो. जुन्या मिश्रणात नवं थोडंथोडं वाढवत तीन-चार आठवडे जाऊ द्या, आणि त्या काळात किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचं वजन रोज एकाच वेळी घ्या. चाळीस ग्रॅमचा पक्षी छत्तीसवर आला, तर जुनं खाणं परत सुरू करा आणि डॉक्टर गाठा.