ठासणीच्या बंदुकीची निगा: आधी पाणी, मग तेल

कोकणातल्या शेतकऱ्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर असलेली बंदूक बहुधा ठासणीची असते. १९५९च्या शस्त्र कायद्यातील कलम १३ मध्ये पिकांच्या संरक्षणासाठी या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नळीच्या तोंडातून काळी दारू, बोळा, छर्रे आणि पुन्हा बोळा घालून गजाने ठासायचे, निपलवर केप बसवायची आणि घोडा ओढायचा, ही तिची रीत. रानडुकरांपासून भात आणि वानरांपासून आंबा, काजू, नारळ राखायला ती हाताशी लागते. (परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे; वन्यप्राणी मारण्यासंबंधी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा लागू होतो.) अशी बंदूक वापराने फारशी झिजत नाही. ती खराब होते बार काढल्यानंतरच्या हयगयीने, आणि पुष्कळदा चुकीचे तेल चोळल्यानेही.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. ती जळली की वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो. उरलेला भाग घनरूप असतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो आणि काही नळीला आतून चिकटतो. या काळ्या थरात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे क्षार असतात, शिवाय न जळलेला कोळसा आणि गंधक. यांतले कार्बोनेट फार पाणी ओढते. हवेतील आर्द्रता ४३ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी घेऊन विरघळू लागते. पावसाळ्यात रत्नागिरीची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे रात्री बार काढून तशीच कोपऱ्यात उभी केलेली बंदूक सकाळी बाहेरून कोरडी दिसली, तरी आतून दमट झालेली असते. त्यात अनेक केपांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. ते फुटल्यावर क्लोराइड उरते, आणि क्लोराइड म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. निपलच्या आसपास गंज लवकर धरतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

हे ध्यानात घेतले की द्रावकाची निवड सोपी होते. क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये विरघळत नाहीत. रॉकेलच्या चिंधीने नळी पुसली की चिंधी काळी निघते आणि काम झाल्यासारखे वाटते, पण त्या चिंधीने कोळसाच तेवढा आलेला असतो. क्षार जागच्या जागी राहतात आणि वरच्या तेलाच्या पापुद्र्याखाली गंज सुरू होतो. काडतुसी बंदुकांसाठी मिळणारी बाटलीबंद द्रावके बिनधुराच्या दारूचा मळ काढायला बनवलेली असतात. काळ्या दारूसाठी त्यांवर पैसे घालवण्याची गरज नाही. पेट्रोल तर घरात वापरूच नये. ब्लीचिंगच्या द्रावणातला क्लोरीन पोलादाला खड्डे पाडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने मळ झटकन सुटतो, पण उघडे पोलादही तितक्याच झटकन गंजते.

उत्तम द्रावक म्हणजे कोमट पाणी आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. पाणी मात्र गोडे हवे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींना खारे पाणी लागते, ते नळीत घालणे म्हणजे काढलेले मीठ पुन्हा भरणे. त्यापेक्षा पागोळीचे पाणी बरे. उकळते पाणी घालण्याची जुनी पद्धत आहे. नळी तापून आपोआप सुकते हा तिचा फायदा, पण तापलेल्या कोऱ्या पोलादावर क्षणात तांबूस झाक येते, म्हणून कोमट पाणी आणि लगेच पुसणे अधिक भरवशाचे.

सफाईला हात घालण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि खूण तोंडाशीच ठेवून तो बाहेरून नळीला लावून पाहावा. गजाचे टोक निपलच्या पातळीपर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी ठासलेले आहे. नळी रिकामी असेल, तरच निपल काढून नळीचा मागचा भाग बादलीतल्या पाण्यात उभा करावा आणि गजाला घट्ट चिंधी गुंडाळून वर-खाली ओढावे. निपलच्या भोकातून पाणी आत ओढले जाते आणि शाईसारखे काळे होऊन बाहेर पडते. सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तो सल्फाइडचा. वास येणे म्हणजे क्षार सुटत असल्याची खूण. पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा बदलावे आणि कोरड्या चिंध्या फिरवाव्यात, शेवटची कोरडीच निघेपर्यंत. लेथच्या कारखान्यात पाण्यात मिसळून वापरतात ते सोल्युबल ऑइल मिळत असेल, तर त्याचे पातळ दुधी मिश्रण धुण्यासाठी चांगले. पाणी क्षार काढते आणि मागे तेलाचा हलका हात राहतो. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा सांधीकोपऱ्यातले पाणी हुसकायला उपयोगी आहे, पण त्याचा थर पातळ असतो. त्याच्या भरवशावर बंदूक पावसाळाभर ठेवू नये.

वंगणाची दोन कामे वेगळी आहेत. साठवणीसाठी खनिज तेल हवे: उन्हाळ्यात बंदुकीचे तेल पुरते, जूनपासून मात्र नळीत आणि घोड्याच्या यंत्रात पातळसा ग्रीसचा थर हवा, कारण पातळ तेल ओघळून खाली उतरते. नेमके हेच खनिज तेल बार भरताना अपायकारक ठरते. नळीत ते उरले तर दारूच्या मळाशी मिसळून डांबरासारखा चिकट थर होतो, आणि तळाशी साचले तर दारू भिजते; मग केप फुटते पण बार जात नाही. म्हणून ठासण्यापूर्वी कोरड्या चिंधीने नळी पुसावी आणि निपलमधून तार फिरवावी.

गोळीला लावायचे वंगण मात्र प्राणिज किंवा वनस्पतिज चरबीचे असते, कारण ते मळ मऊ ठेवते. आट्यांच्या नळीच्या रायफलीत त्याशिवाय चालतच नाही. १८५३च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीची काडतुसे चरबी लावून बनवली जात. ती चरबी गाईची आणि डुकराची असल्याच्या बातमीने १८५७च्या उठावाला तोंड फुटले. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांना स्वतः आणलेले मेण आणि तूप-तेल वापरण्याची मुभा दिली गेली, पण तोवर विश्वास उडाला होता. तांत्रिकदृष्ट्या मेण-तुपाची ही जोडी चांगलीच होती. मधमाश्यांचे मेण ६२ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, त्यामुळे उन्हात मिश्रण ओघळत नाही. खोबरेल २४ अंशांनाच पातळ होते, म्हणून एकटे पुरत नाही. मेणात मिसळले तर चालते. कोकमाचे मुठेल चाळीस अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे या कामाला तेही योग्य वाटते. चरबी कोणतीही असो, तिच्यात मीठ नको आणि ती खवट नको, कारण खवटपणातली आम्ले धातूला खातात. आटे नसलेल्या नळीतून छर्रे सोडणाऱ्याला या वंगणाची गरज कमी; बोळ्याला किंचित चरबी लावली तरी पुष्कळ. जवसाचे तेल सुकून कडक होते, म्हणून ते नळीत नको. लाकडी दस्त्याला मात्र तेच उत्तम.

धुतलेल्या बंदुकीतून दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून पाहावी. तांबूस डाग आला तर क्षार उरले आहेत. पुन्हा पाणी, पुन्हा कोरडे, पुन्हा तेल. निवडणुकीच्या काळात बंदूक पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि परत मिळेपर्यंत आठवडे जातात. जमा करण्याच्या आदल्या दिवशी धुऊन, सुकवून, नळीला आतून-बाहेरून आणि निपलच्या आट्यांना ग्रीस लावूनच ती द्यावी, आणि परत आल्यावर ते ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय पहिला बार ठासू नये.