एंजल फिशचे प्रजनन : नवा टँक आधी ‘सायकल’ का करावा लागतो?

नवा टँक आणला, पाणी भरले, दुसऱ्या दिवशी मासे सोडले आणि आठवड्याभरात एकेक मासा मरू लागला. मासे पाळणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असल्याने दोष माशांना किंवा दुकानदाराला दिला जातो. खरे कारण डोळ्यांना दिसत नाही. प्रजननासाठी टँक लावायचा असेल तर हे कारण समजून घेणे अधिकच गरजेचे ठरते, कारण मोठा मासा जे सोसतो ते पिल्लू सोसू शकत नाही.

सिक्लिड म्हणजे कोणते मासे?

सिक्लिड हे माशांचे मोठे कुळ आहे. गोव्यात आवडीने खाल्ले जाणारे ‘कालुंदर’ याच कुळातले. घरगुती टँकमधला या कुळातला सर्वांच्या ओळखीचा मासा म्हणजे एंजल फिश. मूळचा दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन खोऱ्यातला हा मासा जोडीने अंडी आणि पिल्ले सांभाळतो. त्यामुळे घरी त्याचे प्रजनन शक्य होते.

‘सायकल’ म्हणजे नेमके काय?

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. तो विषारी असून माशांचे कल्ले जाळतो. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो. नायट्राइटही घातकच असते. ते रक्तात गेले की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते.

हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर आणि काचेवर वस्ती करतात. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतात आणि त्यांची वाढ संथ असते. ही वस्ती तयार होऊ देणे म्हणजेच टँक ‘सायकल’ करणे. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

टँकची तयारी कशी करावी?

एंजल फिशच्या एका जोडीसाठी सुमारे १०० लिटर पाण्याचा, उंच टँक पुरेसा होतो. पाण्याचेच वजन १०० किलो असल्याने स्टँड समतल आणि मजबूत हवा. टँकखाली थर्माकोलची शीट घालतात. प्रजननाच्या टँकमध्ये तळाला वाळू टाकत नाहीत. रिकामा तळ साफ करणे सोपे जाते. हवेवर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत योग्य, कारण त्यात पिल्ले ओढली जात नाहीत. अंडी घालण्यासाठी स्लेटची पाटी किंवा पीव्हीसी पाइप तिरका उभा ठेवतात. हीटर २७ अंशांच्या आसपास लावतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना आणि माशांना मारते, म्हणून क्लोरीन घालवणारे औषध आधी टाकणे आवश्यक असते.

मासे न सोडता सायकल कशी होते?

जिवाणूंना खाद्य म्हणून बाहेरून अमोनिया द्यावा लागतो. त्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरता येते. म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर. मात्र बाजारातल्या नवसागरात भेसळ असू शकते, त्यामुळे प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्यावा. १०० लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम टाकल्यास अमोनियाचे प्रमाण दर लिटरमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे २ पीपीएम होते. त्यानंतर टेस्ट किटने दर दोन दिवसांनी तपासणी करावी.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसू शकते. त्याची काळजी नको. आधी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. अमोनिया संपला की पुन्हा थोडा द्यावा. पुढे नायट्राइटही उतरते. २ पीपीएम अमोनिया दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की सायकल पूर्ण झाली.

निरोगी, जुन्या टँकमधला स्पंज नव्या टँकमध्ये ठेवल्यास वेळ बराच वाचतो. दुधाला विरजण लावावे तसे हे काम करते. फक्त त्या टँकमधले मासे आजारी नसावेत.

पाण्याचा पीएच का महत्त्वाचा?

पीएच ७ च्या तुलनेत पीएच ८ ला अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. उलट पीएच ६ च्या खाली गेल्यास जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. एंजल फिशला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते, तर जिवाणूंना किंचित अल्कधर्मी. त्यामुळे सायकल पूर्ण होईपर्यंत पीएच उतरवण्याच्या मागे लागू नये.

मासे सोडल्यावर काय?

सायकल संपताच बरेचसे पाणी बदलून जोडी सोडावी. टँक रिकामा ठेवल्यास जिवाणू उपाशी राहतात. नर-मादी ओळखणे अवघड असल्याने अनेक जण पाच-सहा छोटी पिल्ले एकत्र वाढवून त्यांना आपसात जोडी जमवू देतात. नवी जोडी पहिली काही अंडी खाऊन टाकते, हे स्वाभाविक आहे.

अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि साधारण आणखी पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. खरी परीक्षा इथे असते. शेकडो पिल्लांना दिवसातून अनेकदा आर्टेमियाची ताजी पिल्ले खाऊ घालावी लागतात आणि अमोनिया झपाट्याने वाढतो. अर्धवट सायकल झालेल्या टँकमध्ये याच आठवड्यात सगळा थवा दगावतो. म्हणून रोज थोडे पाणी बदलावे. स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवावा, कारण हवा थांबली की जिवाणूही गुदमरतात.

सुरुवातीचे सहा आठवडे टँक रिकामा दिसतो, पण पुढे पिल्ले जगणार की नाही हे त्याच काळात ठरत असते.