पाण्यावरचा जुगार आणि कायद्याचा काठ

आपल्या वडशाजवळून वैनगंगा वाहते. अलीकडे गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. समजा, भर पात्रात डोंगा उभा करून कुणी तीन पत्तीचा अड्डा मांडला, तर तो कायद्यातून सुटेल का? मुळीच नाही. दोन्ही काठ महाराष्ट्राचे आहेत आणि १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा घर, खोली यांच्या जोडीला ‘कोणतीही जागा’ असे म्हणतो. सट्टापट्टी आणि कोंबडबाजार यांच्यावर पोलीस याच कायद्याने कारवाई करतात.

मग गोव्यात मांडवी नदीतल्या जहाजांवर राजरोस जुगार कसा चालतो? नदी तीही आणि नदी हीही! याचे उत्तर राज्यघटनेत आहे. जुगार हा विषय राज्य सूचीत, ३४ व्या क्रमांकावर आहे. म्हणून प्रत्येक राज्य त्यावर आपला कायदा करते. गोव्याच्या १९७६ च्या कायद्यानेही जुगाराला बंदीच आहे. मात्र १९९२ मध्ये त्यात कलम १३-अ घालून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट दिली गेली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांचे व इतर टेबलावरचे खेळ मान्य झाले. कायद्यातला शब्द ‘ऑफशोअर’, म्हणजे किनाऱ्यापासून दूर. प्रत्यक्षात जहाजे उभी आहेत ती पणजीच्या समोर! १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तेथे खेळायला मनाई झाली. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर बाहेरून गेलेले आपण.

महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

समुद्रात आणखी एक रेघ आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत भारताचे प्रादेशिक जल. त्यापलीकडे खुल्या समुद्रात मुख्यतः जहाजाची नोंदणी ज्या देशात असेल, त्या देशाचा कायदा चालतो. म्हणूनच जगभरातली अनेक पर्यटन जहाजे किनारा दूर गेल्यावरच कॅसिनो उघडतात.

धानाचे चुकारे हाती आले की आपल्याकडचीही मंडळी गोव्याच्या सहलीला निघतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : परवाना जहाजवाल्याला शिक्षेपासून वाचवतो, खेळणाऱ्याला तोट्यापासून नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच निरर्थक ठरतो आणि जिंकलेल्या रकमेसाठीही दावा लावता येत नाही. कॅसिनोत तर पैसे आधी मोजून चकत्या घ्याव्या लागतात. तेव्हा ‘कायदेशीर आहे’ याचा अर्थ ‘सुरक्षित आहे’ असा कुणी काढू नये. जहाजावर चढताना तिकिटाइतकेच पैसे खिशात असावेत आणि बियाण्याचे पैसे घरी असावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)