दाट वंगणाचा मोह

'दाट ते पौष्टिक' ही समजूत आपल्या समाजमनात खोल रुजलेली आहे. दूध साय धरणारे हवे, पेज घट्ट हवी, औषधाचे सरबत चिकट असले म्हणजे ते गुणकारी! हीच समजूत स्वयंपाकघरातून निघून थेट गॅरेजात पोहोचली आहे. पेडण्यापासून साखळीपर्यंत कुठेही गाडी दुरुस्तीला न्या, "डॉक्टर, कंपनीचे ऑइल अगदी पाण्यासारखे. आमच्या उकाड्यात ते काय टिकणार? जरा जाड घालूया, इंजिन दोन वर्षे जास्त चालेल," असा सल्ला आपुलकीने मिळतो. मात्रेचा आग्रह धरणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आपण डॉक्टरांनी या सल्ल्याची थोडी चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

विषय वरवर किरकोळ वाटेल. पण तो तसा नाही. डिचोली तालुक्यात ट्रक म्हणजे नुसते वाहन नव्हे, ते एका कुटुंबाचे शेत आहे. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी थांबल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये त्या पुन्हा बंद पडल्या, तेव्हा हे शेत पडीक राहिले. हप्ते मात्र थांबले नाहीत. प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकल पायलटाचेही तसेच. गाडी आठवडाभर गॅरेजात पडली की चूल मंदावते. इंजिन उघडण्याचा खर्च शेवटी मुलांची फी, फळे आणि न परवडणाऱ्या लशी यांतूनच वळता होतो, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांना वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय मध्यरात्री धाप लागलेले मूल बांबोळीला न्यायचे, तर पुष्कळदा शेजाऱ्याची गाडीच कामी येते.

डब्यावरील आकडे आधी समजून घेऊ. '5 डब्ल्यू-30' यातील 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो, तर नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा, म्हणजे श्यानता. 100 अंश सेल्सिअसला 30 क्रमांकाच्या तेलाची श्यानता 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक, 40 क्रमांकाची 12.5 ते 16.3 आणि 50 क्रमांकाची 16.3 ते 21.9 असावी लागते. गोव्यात बर्फ पडत नाही, मग हिवाळ्याच्या आकड्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. शंभर अंशांवर काम करणाऱ्या इंजिनाला आपली पहाटही थंडच. 40 अंशांवर 5 डब्ल्यू-30 तेलाची श्यानता साधारण साठ-सत्तर सेंटिस्टोक असते; 20 डब्ल्यू-50 ची दीडशेच्या पुढे जाते. चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत तेल वरच्या भागांपर्यंत किती लवकर पोहोचते, हे या फरकावर अवलंबून असते.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जण आपल्याच पेशाचा होता, ही गोष्ट सुखावणारी आहे. फ्रेंच वैद्य प्वाझय याने 1828 मध्ये पाऱ्याच्या दाबमापकाने रोहिणीतील रक्तदाब मोजला आणि 1840 च्या सुमारास बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम मांडला. प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. श्यानतेचे 'पॉईज' हे एकक त्याच्याच नावावरून आले.

आता गॅरेजातील नेहमीचा युक्तिवाद पाहा: "जाड ऑइल घातल्यावर प्रेशर बघा कसे वाढले!" दाब वाढतो, हे खरे, पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. आकुंचित रक्तवाहिन्यांच्या रुग्णाचा रक्तदाब चांगला दिसतो आणि बोटे मात्र थंडगार असतात, हे आपण जाणतो. तेल फार दाट असले की पंपाची सुरक्षा-झडप उघडते आणि काही तेल इंजिनात न जाताच मागे फिरते. गाळणीची बगल-झडप उघडली, तर न गाळलेले तेल पुढे जाते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचार्जर आणि तेलाच्या दाबावर चालणारी झडपांची आधुनिक यंत्रणा यांना वेळेवर तेल मिळणे अत्यावश्यक असते. अतिदाट तेल ढवळण्यात शक्ती खर्च होऊन उष्णता वाढते, ती वेगळीच. नेमलेल्या 5 डब्ल्यू-30 ऐवजी 10 डब्ल्यू-30 वापरल्यास इंधनाची कार्यक्षमता 1 ते 2 टक्क्यांनी घटते, असे अमेरिकी शासनाचे मार्गदर्शन सांगते. 20 डब्ल्यू-50 तर बरेच पुढचे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तेल पातळ होत गेले त्यामागे इंधनबचतीचे सरकारी नियम आहेत, हे खरे. दाट तेलाचा थर तापलेल्या बेअरिंगमध्ये जाड राहतो, हेही खरे. म्हणूनच कित्येक उत्पादक उष्ण हवामानासाठी किंवा अवजड कामासाठी पुस्तिकेत एक पायरी वरचे तेल मान्य करतात. भरल्या मालाने चोर्ला घाट चढणाऱ्या गाडीने ती मुभा अवश्य घ्यावी. बुलेटला तर कंपनीच 15 डब्ल्यू-50 सांगते. दाटपणा हा दोष नव्हे. निदानाशिवाय दिलेला दाटपणा हा दोष आहे.

झिजलेल्या इंजिनात जाड तेल घातल्यावर खडखड कमी होते, तेल जळणेही काही काळ घटते. हा लाक्षणिक उपचार होय. ताप उतरवला म्हणजे न्यूमोनिया बरा झाला असे नव्हे. रिंग झिजली आहे की सील गळते आहे, हे पाहिलेच पाहिजे.

दाटपणाचा धोका आम्ही अर्भकांत प्रत्यक्ष पाहतो. नवजात बाळाच्या शिरेतील रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण 65 टक्क्यांवर गेले की श्यानता झपाट्याने वाढते. बाळ लालबुंद, म्हणजे लोकांच्या दृष्टीने 'सुदृढ' दिसते. पण ते सुस्तावते, श्वास जलद होतो, साखर उतरते. लक्षणे गंभीर असल्यास थोडे रक्त काढून तेवढेच सलाइन देतात, म्हणजे रक्त पातळ करतात. जलसंजीवनीचेही तसेच. लिटरभर पाण्याचे पाकीट पेल्यात कालवले तर 'कडक औषध' होत नाही, बाळाच्या रक्तातील क्षार धोकादायकरीत्या वाढतात. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे मिश्रण 311 वरून 245 मिलिऑस्मोलपर्यंत सौम्य केले, ते काटकसरीसाठी नव्हे. सौम्य मिश्रणाने उलट्या आणि सलाइन लावण्याची गरज कमी झाली.

तेव्हा करायचे काय? गाडीची पुस्तिका उघडावी आणि श्यानतेबरोबर दर्जाही पाहावा. मोटारसायकलचा क्लच बहुधा तेलातच बुडालेला असतो. तिथे 'जासो एमए' किंवा 'एमए 2' हवे, मोटारीच्या तेलाने क्लच घसरू शकतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकाच्या डिझेल गाडीत काजळीची गाळणी असेल, तर कमी राखेचे तेलच वापरावे. सुटे, बिननावाचे तेल टाळावे. किलोमीटर भरले नाहीत तरी ठरलेल्या मुदतीत तेल बदलावे. उभ्या गाडीच्या तेलातही आपल्या दमट हवेतील पाणी उतरते. पातळीची कांडी दर पंधरवड्याला पाहावी. कमी पडलेले योग्य तेल हे नेमलेल्या पातळीपर्यंत भरलेल्या थोड्या जाड तेलापेक्षा अधिक घातक ठरते.

आपल्या दवाखान्यात येणारे ट्रकमालक आणि पायलट औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी आपल्या शब्दाखातर पाळतात. इंजिनाच्या पुस्तिकेतील चिठ्ठीही तितक्याच विश्वासाने वाचावी, हे सांगायला एक मिनिट पुरते. त्या एका मिनिटाने एखाद्या घरचे हजारो रुपये वाचतील, आणि मुलांच्या वाट्याचे मुलांकडेच राहील.