आधी ऊब, मग आंघोळ

गेल्या पावसाळ्यात एका घरी रुग्ण पाहण्यास गेलो होतो. ऐंशीच्या घरातले आजोबा तीन दिवस तापाने फणफणलेले, पोटात अन्न नाही. ‘पारोसे कसे ठेवायचे?’ म्हणून सूनबाईंनी पहाटेच त्यांना न्हाऊ घातले आणि न्हाणीघरातच आजोबांना भोवळ आली. तिच्या मायेत काही उणे नव्हते. चुकला होता तो केवळ क्रम.

हा क्रम मला पक्ष्यांच्या एका शुश्रूषा केंद्राच्या कार्यातून नव्याने उमगला. जानेवारी १९७१ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली. तेलाने माखलेले सुमारे ४,३०० पक्षी स्वयंसेवकांनी गोळा केले. त्यांतले जेमतेम ३०० वाचले. त्या दुःखातून त्याच वर्षी ‘इंटरनॅशनल बर्ड रेस्क्यू’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापिका अ‍ॅलिस बर्कनर या व्यवसायाने परिचारिका होत्या.

तेलाने माखलेला पक्षी दिसला की त्याला तत्काळ धुवावे, असे कोणालाही वाटेल. परंतु तेलामुळे पिसे चिकटून गारवा थेट त्वचेला भिडलेला असतो. पक्षी उपाशी आणि शुष्क झालेला असतो. अशा स्थितीत धुण्याचा ताणच त्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून आधी ऊब, नळीवाटे द्रवपदार्थ, अन्न आणि विश्रांती. अंगी थोडी शक्ती आली, की मगच स्नान.

आपल्याकडील शेकाट्या, तुतवार, चिखल्या यांच्या कुळातील किनारपक्ष्यांची शुश्रूषा तर अधिकच नाजूक. त्यांचे सारे जगणे पायांवर. अशक्तपणामुळे पक्षी बसून राहिला, की छातीच्या हाडावर भार पडून जखम होते. कठीण जमिनीवर उभा राहिला, तर तळव्यांना व्रण होतात. म्हणून त्यांच्याखाली मऊ आच्छादन घालतात. भीतीने केलेल्या धडपडीमुळे त्यांच्या स्नायूंना इजा होऊन ते उभेही राहू शकत नाहीत. यास्तव पिंजऱ्यावर चादर, हलका आवाज आणि कमीत कमी हाताळणी. पोरक्या पिल्लांसाठी पिसांचा झाडू टांगून ठेवतात. आईच्या पंखाखाली शिरावे तशी ती त्याखाली शिरतात.

घरातील रुग्णासाठी यातून काय घ्यावे? ताप आणि अशक्तपणा असताना आंघोळीचा आग्रह नको. कोमट पाण्याने अंग पुसणे पुरेसे आहे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज पाहावेत. दाबूनही न मावळणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली खूण होय. तेथे चोळू नये, भार काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. खोलीत गर्दी आणि दूरचित्रवाणीचा कल्लोळ नसावा. उचलण्यापूर्वी, कूस बदलण्यापूर्वी हळू आवाजात सांगावे. वृद्ध माणूसही अवचित स्पर्शाने दचकतो.

शुश्रूषा करणारे अनेकजण मला एकांतात विचारतात, “डॉक्टर, माझे काही चुकले का?” तेव्हा मला ते ३०० पक्षी आठवतात. चौदांमागे एकच वाचला, तरी त्या परिचारिकेने काम सोडले नाही. काय चुकले ते पाहिले आणि पुढच्या पक्ष्यासाठी ते सुधारले. सूनबाईंनीही तेच केले. दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा आजोबा पांघरुणात स्वस्थ पडून पेज घेत होते, आणि उशाशी कोमट पाण्याचे तसराळे व मऊ पंचा होता.