शंका घ्या, पण मूळ प्रतही पाहा!

माणूस चंद्रावर गेलाच नाही, अमेरिकेने स्टुडिओत चित्रीकरण करून साऱ्या जगाला फसवले, असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. शिकलेसवरलेले भेटतात, आपल्या समाजातलेही भेटतात. सरकारे खोटे बोलतात, हे आम्हालाही मान्य आहे. सत्तेवर डोळे मिटून विश्वास ठेवायला फुले-आंबेडकरी चळवळीने आम्हाला शिकवलेले नाही. म्हणूनच ही शंका हसण्यावारी न नेता तपासली पाहिजे.

पहिला आक्षेप झेंड्याचा. चंद्रावर हवा नाही, मग झेंडा फडकला कसा? हवा नाही हे ठाऊक होते म्हणूनच झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. कापडाच्या चुण्या तशाच राहिल्या, त्या फडकल्यासारख्या दिसतात. दुसरा आक्षेप, आकाशात तारे का नाहीत? उन्हात चकाकणारी जमीन आणि पांढरे पोशाख टिपायचे तर कॅमेऱ्याची झडप क्षणभरच उघडावी लागते. तेवढ्यात ताऱ्यांचा मंद प्रकाश फिल्मवर उमटत नाही. रात्री लग्नाच्या झगमगत्या मांडवाचा फोटो काढून पाहा, वरचे तारे त्यात येणार नाहीत.

तिसरा आक्षेप फार बोलका आहे. १९७२ च्या अपोलो १६ मोहिमेतील एका छायाचित्रात दगडावर इंग्रजी ‘सी’ अक्षर दिसते. नाटकाच्या सामानावरची ती खूण आहे, असा बोभाटा झाला. मूळ फिल्म पाहिली तर तिच्यावर ते अक्षर नाहीच! प्रत काढताना बहुधा एखादा केस किंवा धागा मध्ये आला आणि तो अक्षर होऊन बसला.

१९६९ ते १९७२ या काळात सहा मोहिमांतून बारा माणसे चंद्रावर उतरली. त्यांनी आणलेले सुमारे ३८२ किलो दगड आणि माती अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी तपासली. त्यांनी तिथे ठेवलेल्या परावर्तक आरशांवर पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडला की तो आजही परत येतो. अमेरिका खोटी पडावी असे सर्वांत जास्त वाटणाऱ्या सोव्हिएत रशियानेही हे यश नाकारले नाही. एवढे करूनही अमेरिकेवर विश्वास बसत नसेल, तर इस्रोच्या चांद्रयान-२ नेही अपोलो ११ ची उतरण्याची जागा टिपली आहे.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या नासाची खरी छायाचित्रे खोटी ठरवली जातात, त्याच नासाच्या नावाने खोटी छायाचित्रे खरी म्हणून खपवली जातात. ‘दिवाळीच्या रात्रीचा भारत’ म्हणून रंगीबेरंगी दिव्यांचे चित्र दरवर्षी फिरते. प्रत्यक्षात ते अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून रंगवलेले चित्र आहे. वस्तीचे दिवे कुठे कसे वाढले हे दाखवण्यासाठी प्रत्येक काळाला वेगळा रंग दिला आहे. नासाने २०१२ साली तसा खुलासाही केला. त्याआधी २००२ साली भारत-श्रीलंकेमधील वाळूच्या बेटांच्या रांगेचे छायाचित्र ‘नासाला रामाचा पूल सापडला’ म्हणून फिरवले गेले. छायाचित्र आमचे, अर्थ आमचा नव्हे, असे नासाला सांगावे लागले. पुराणाला विज्ञानाचा शिक्का मारायचा, हा यामागचा डाव बहुजनांनी ओळखला पाहिजे.

मग चांद्रमोहिमेला प्रश्नच विचारू नयेत काय? जरूर विचारावेत. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ उडण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अबरनाथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्या घेऊन फ्लोरिडाच्या प्रक्षेपण केंद्रावर धडकले. माणसे उपाशी असताना चंद्रावर एवढा पैसा कशाला, असा जाब त्यांनी नासाच्या प्रमुखांना विचारला. हा प्रश्न खरा होता, कारण तो खऱ्या खर्चावर उभा होता. आणि त्याच मोहिमेचे गणित मांडणाऱ्यांत कॅथरीन जॉन्सन या कृष्णवर्णीय गणितज्ञ होत्या. ज्या विभागात त्यांनी नोकरी सुरू केली, तिथे काळ्या स्त्रियांना गोऱ्यांपासून वेगळे बसवले जात होते. चांद्रमोहीम बनावट म्हणणारा त्यांची विद्याही बनावट ठरवतो, हे आम्ही विसरता कामा नये.

कोणी सांगतो म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. बाबासाहेबांनी धर्मग्रंथांची चिकित्सा केली ती ते ग्रंथ स्वतः वाचून, ऐकीव गोष्टींवर नव्हे. संविधानाच्या कलम ५१ अ ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. शंका हे आमचे शस्त्र आहे. पारखल्याशिवाय चालवले तर ते आमच्यावरच उलटते. तेव्हा मोबाईलवर फोटो आला की पुढे ढकलण्याआधी एवढेच विचारा, हा कोणी टिपला, केव्हा टिपला आणि मूळ प्रत कुठे आहे?